ठशांवरून नाण्यांची ओळख : चांदा परिसरातील सातवाहन नाण्यांच्या निमित्ताने

चंद्रपूर आणि गडचिरोली म्हटले की वाघ, सागवान, कोळसा आणि गोंडराजांचे किल्ले डोळ्यांसमोर येतात. नाणकशास्त्राच्या अभ्यासकांना मात्र या भूमीचे नाव आणखी एका कारणाने परिचित आहे. १८८८ मध्ये तत्कालीन चांदा जिल्ह्यात सातवाहन राजांच्या नाण्यांचा एक निधी सापडला. हॉर्नले या विद्वानाने १८९३ मध्ये त्याची माहिती प्रसिद्ध केली. पुढे १९०८ मध्ये रॅपसन यांनी ब्रिटिश म्युझियमसाठी आंध्र व पश्चिमी क्षत्रप नाण्यांची जी प्रसिद्ध सूची तयार केली, तीत 'चांदा जिल्हा' हा नाण्यांचा एक स्वतंत्र गट म्हणून नोंदला गेला. गडचिरोली जिल्हा १९८२ मध्ये वेगळा झाला. त्यामुळे जुन्या नोंदींतील 'चांदा' या शब्दात आजचे दोन्ही जिल्हे येतात, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे.

ही नाणी दिसायला अगदी सामान्य आहेत. सोने नाही, चांदी नाही. तांबे, कथील आणि शिसे यांच्या मिश्रणातून झालेला 'पोटीन' नावाचा काळपट धातू. एका बाजूस सोंड उंचावलेला हत्ती व त्याच्याभोवती ब्राह्मी लिपीतील लेख, तर दुसऱ्या बाजूस चार वर्तुळे अधिक चिन्हाने जोडलेले तथाकथित उज्जयिनी चिन्ह. भंगाराच्या भावाने विकली जावीत अशीच त्यांची कळा. परंतु सातवाहन वंशाच्या उत्तरकाळातील काही राजांचा पुरावा अशाच नाण्यांवरून मिळतो. तो पुरावा वाचण्याची एक शास्त्रशुद्ध पद्धत आहे. नाणे कोणत्या ठशातून पडले, हे ओळखणे हा तिचा पाया. त्या पद्धतीची ओळख करून देणे हा या लेखाचा हेतू आहे.

प्रकार, ठसा आणि उपप्रकार

यंत्रे येण्यापूर्वी नाणे पाडण्याची रीत साधी होती. ठरावीक वजनाची धातूची चकती तयार करावयाची, ती खालच्या ठशावर ठेवावयाची, वर दुसरा ठसा धरावयाचा आणि त्यावर घणाचा प्रहार करावयाचा. दोन्ही ठशांवरील उलट्या कोरीव आकृती चकतीच्या दोन बाजूंवर सुलट उमटत. ठसे हाताने कोरलेले असत. एक ठसा झिजला किंवा फुटला की कारागीर त्याच नमुन्याचा दुसरा कोरी. नमुना तोच असला तरी हात माणसाचा. त्यामुळे कोणतेही दोन ठसे तंतोतंत सारखे होत नसत.

येथे तीन शब्दांतील भेद स्पष्ट हवा. 'हत्ती व उज्जयिनी चिन्ह' हा नाण्याचा प्रकार झाला. त्या प्रकारासाठी वेळोवेळी कोरलेली प्रत्येक जोडी म्हणजे ठसे. विशिष्ट ठशातून पडल्यामुळे नाण्याला जी स्वतःची ओळख मिळते, तो ठशाचा उपप्रकार. प्रकारावरून नाणे कोणत्या घराण्याचे, हे कळते. ठशावरून मात्र ते कोणत्या नाण्याचे सख्खे भावंड आहे, हे कळते.

तऱ्हाळ्याचा निधी आणि विस्मृतीतील राजे

चांदा निधीचे महत्त्व पुरतेपणी उमगले ते १९३९ नंतर. त्या वर्षी तेव्हाच्या अकोला, म्हणजे आजच्या वाशीम जिल्ह्यातील मंगरूळपीर तालुक्यात तऱ्हाळा येथे दीड हजारांहून अधिक पोटीन नाणी सापडली. महामहोपाध्याय वासुदेव विष्णु मिराशी यांनी त्यांचा अभ्यास करून तो प्रसिद्ध केला. पुळुमावि, यज्ञ सातकर्णी यांसारख्या ज्ञात राजांबरोबर कुंभ सातकर्णी, कर्ण सातकर्णी, शक सातकर्णी अशी नावे तेथे पुढे आली. पुराणांतील आंध्र राजांच्या यादीत ही नावे नाहीत. नाणी वितळली असती तर हे राजे इतिहासातून कायमचे पुसले गेले असते.

ही नावे वाचणे सोपे नव्हते. अशा नाण्यांत ठसा मोठा आणि चकती लहान असते. त्यामुळे संपूर्ण लेख एका नाण्यावर क्वचितच उमटतो. कोठे 'रञो सिरि' एवढीच अक्षरे दिसतात, कोठे केवळ 'सातकणिस' हा शेवट. 'सातकणि' ही उपाधी तर अनेक राजांची समान. म्हणजे ज्या नाण्यावर फक्त शेवट उमटला, त्यावरून राजाचे नाव सांगता येत नाही. त्यातच ब्राह्मीतील स्वरचिन्हे अक्षराच्या माथ्यावर किंवा पायाशी जोडलेली असतात. चकतीच्या कडेला ती सर्वप्रथम नाहीशी होतात. 'कु' या अक्षराच्या पायाशी असलेली लहानशी रेघ कडेबाहेर गेली, की तेथे नुसता 'क' उरतो आणि राजाचे नावच बदलून जाते.

तुटका लेख जोडण्याची रीत

ठशांचा अभ्यास उपयोगी पडतो तो येथेच. समजा, तीन नाण्यांवर लेखाचे तीन वेगवेगळे तुकडे आहेत. पहिल्यावर लेखाचा आरंभ, दुसऱ्यावर मधला भाग, तिसऱ्यावर शेवट. ही तिन्ही नाणी वेगवेगळ्या राजांची असू शकतात, म्हणून हे तुकडे एकमेकांना जोडण्याचा अधिकार आपल्याला नाही. परंतु तिन्हींवरील हत्ती एकाच ठशातून उमटला आहे, असे सिद्ध झाले तर चित्र पालटते. ठसा एक म्हणजे त्यावर कोरलेला लेखही एक. मग तिन्ही तुकडे खात्रीने जोडता येतात आणि संपूर्ण नाव हाती येते.

तथापि 'हत्ती सारखा दिसतो' एवढ्यावर जोडणी केल्यास त्यातून अस्तित्वात नसलेला राजा निर्माण होण्याचा धोका असतो. म्हणून ताडून पाहण्याची पद्धत काटेकोर हवी.

नाणी ताडून कशी पाहावीत?

पहिली पायरी नोंदीची. प्रत्येक नाण्याचे वजन शक्यतो ग्रॅमच्या शंभराव्या भागापर्यंत घ्यावे. सराफाकडील इलेक्ट्रॉनिक काटा त्यास पुरेसा आहे. व्यास मोजावा. दोन्ही बाजूंची छायाचित्रे एकाच अंतरावरून, एकाच मापाची आणि प्रकाश एकाच दिशेने येईल अशी घ्यावीत. प्रकाशाची दिशा बदलली की उठाव खोलगट भासतो आणि एकच नाणे दोन वेगळी नाणी वाटू लागतात.

दुसरी पायरी स्थिर खुणा निवडण्याची. हत्तीच्या सोंडेचे टोक कोणत्या अक्षराखाली येते? शेपटीचे टोक कोणत्या दोन अक्षरांच्या मधल्या जागेकडे वळते? पुढच्या व मागच्या पायांमधील अंतर किती? उज्जयिनी चिन्हात चारही वर्तुळे सारख्या आकाराची आहेत की एखादे लहान आहे? वर्तुळांतील ठिपका मध्यभागी आहे की बाजूला सरकला आहे? येथे अक्षराच्या वळणापेक्षा त्याच्या जागेला अधिक महत्त्व द्यावे. एकाच कारागिराने कोरलेल्या दोन ठशांत अक्षरांचे वळण सारखे असू शकते. पण आकृती आणि अक्षर यांमधील अंतरे व कोन दोनदा जसेच्या तसे जुळणे जवळजवळ अशक्य असते. किमान तीन स्वतंत्र खुणा जुळल्यावाचून दोन नाण्यांचा ठसा एक आहे, असे म्हणू नये.

तिसरी पायरी पडताळ्याची. एका नाण्याच्या छायाचित्रावर पारदर्शक कागद ठेवून रेषा काढून घ्याव्यात आणि तो कागद दुसऱ्या नाण्याच्या छायाचित्रावर ठेवावा. संगणकावर हेच काम एक छायाचित्र अर्धपारदर्शक करून दुसऱ्यावर ठेवल्याने होते. रेषा जुळल्या तर ठसा एक. एक भाग जुळतो आणि दुसरा सरकतो, तर ठसे वेगळे.

चौथी पायरी जोड्यांची. दर्शनी ठशांना अक्षरे आणि मागील ठशांना अंक द्यावेत. 'अ' हा ठसा १ आणि २ या दोन्ही मागील ठशांबरोबर आढळला, आणि २ हा ठसा पुढे 'आ' बरोबरही दिसला, तर अ आणि आ हे ठसे एकाच टांकसाळीत, जवळपास एकाच काळात वापरले गेले, असे सामान्यपणे म्हणता येते. यालाच ठशांची साखळी म्हणतात. दोन राजांच्या नावांचे दर्शनी ठसे एकाच मागील ठशाबरोबर सापडले, तर ते राजे काळाने एकमेकांच्या अगदी निकट होते, असा सबळ पुरावा मिळतो. ज्या राजांचा एकही शिलालेख नाही, त्यांचा क्रम लावण्यास याहून चांगले साधन नाही.

ठसा बदलला की प्रहार चुकला?

नवख्या अभ्यासकाची फसगत येथेच होते. नाण्यावर दिसणारा प्रत्येक फरक ठशाचा नसतो. प्रहार तिरपा बसला तर एक बाजू ठळक व दुसरी पुसट उमटते. चकती हलली आणि दुसरा घाव पडला तर हत्तीला दोन सोंडा फुटल्यासारख्या दिसतात. वापराने उठावाचा माथा झिजतो. मातीतील क्षारांनी पृष्ठभाग खाल्ला की अक्षरांना नसलेले काने-मात्रे येतात. हे सर्व फरक त्या एका नाण्यापुरते असतात. ठशाचा फरक मात्र त्या ठशातून पडलेल्या प्रत्येक नाण्यावर दिसला पाहिजे.

ठशाला पडलेला तडा हा या दोहोंच्या मधला प्रकार होय. ठसा तडकला की त्या भेगेत धातू शिरतो आणि नाण्यावर बारीक उंच रेघ उमटते. पुढे भेग वाढत जाते, तशी रेघही लांबते. बिनरेघेचे नाणे आधीचे, आखूड रेघेचे त्यानंतरचे, लांब रेघेचे सर्वांत शेवटचे. ठसा तोच, पण नाणी कोणत्या क्रमाने पडली हेही कळते. मात्र रेघ नाण्याच्या पृष्ठभागावर उंच असली तरच ती ठशाच्या तड्याची. खोल असेल तर तो नंतरचा ओरखडा किंवा चकतीची चीर समजावी.

अमेरिकेतील आरंभीची सुवर्णनाणी

ठशांच्या अभ्यासाची सर्वांत परिपूर्ण उदाहरणे प्राचीन नाण्यांतच आहेत असे नाही. अमेरिकेच्या फिलाडेल्फिया टांकसाळीतून १७९५ मध्ये पहिली सुवर्णनाणी बाहेर पडली. तेथे यंत्र होते, तरी ठशांचे बरेचसे काम हातानेच होई. मुख्य आकृती ठशावर उमटवल्यानंतर तारे, अक्षरे आणि सालाचे आकडे एकेक छिन्नी-ठोकणीने ठोकले जात. एखादा तारा अक्षराला टेकला, एखादा आकडा तिरका बसला, अशा खुणांवरून तेथील अभ्यासकांनी प्रत्येक ठसा वेगळा ओळखला. १७९५ सालच्या, लहान गरुड असलेल्या पाच डॉलरच्या नाण्याचेच बारा उपप्रकार नोंदले गेले आहेत. हॅरी बास यांच्या संग्रहाच्या आधारे जॉन डॅनरूथर यांनी २००६ मध्ये सिद्ध केलेला ग्रंथ या विषयात प्रमाण मानला जातो.

तेथील एक गोष्ट आपल्याला विचार करावयास लावणारी आहे. पुढील काळात सोन्याचा भाव नाण्याच्या दर्शनी किमतीहून अधिक झाल्याने ही नाणी मोठ्या प्रमाणावर वितळवली गेली. १८२२ सालच्या पाच डॉलरच्या नाण्याचे आज केवळ तीन नमुने ज्ञात आहेत. त्यांपैकी खासगी मालकीतील एकमेव नमुना मार्च २०२१ मध्ये ८४ लाख डॉलरला विकला गेला. अमेरिकेतील नाणी सोन्याच्या मोहाने वितळली, आपल्याकडची पोटीन नाणी बेपर्वाईने. तेथे टांकसाळीचे दप्तर तरी शिल्लक आहे. सातवाहनांच्या टांकसाळीचे दप्तर म्हणजे ही नाणीच.

जोगळटेंभी आणि एडेंगा

महाराष्ट्रात ठशांच्या तुलनेला सर्वांत मोठा वाव देणारा निधी १९०६ मध्ये नाशिकजवळ जोगळटेंभी येथे सापडला. तेरा हजारांहून अधिक चांदीची नाणी, सर्व क्षहरात क्षत्रप नहपानाची. आणि त्यांतील सुमारे दोनतृतीयांश नाण्यांवर विजेत्या गौतमीपुत्र सातकर्णीने आपली चिन्हे पुन्हा उमटवलेली. रेव्हरंड स्कॉट यांनी या नाण्यांचा अभ्यास केला. नहपानाच्या नावाखालील चेहरे एकमेकांपासून इतके भिन्न होते की ते एकाच माणसाचे मानणे त्यांना कठीण वाटले. अशा नाण्यांत दोन जोड्यांचे मिळून चार ठसे अभ्यासावे लागतात: दोन जुने, दोन नवे. खालच्या ठशातील शिल्लक रेषा ओळखून वरच्या ठशापासून वेगळ्या काढणे हे या शास्त्रातील कसोटीचे काम समजले जाते.

गडचिरोलीला लागून असलेल्या बस्तरमध्ये एडेंगा येथे १९३९ मध्ये नल वंशातील वराह, भवदत्त आणि अर्थपती या राजांची ३२ सुवर्णनाणी सापडली. तीही मिराशींनीच प्रसिद्ध केली. पातळ पत्र्यावर एकाच बाजूने उठाव काढलेली ही नाणी. बसलेला नंदी, चंद्रकोर आणि खाली राजाचे नाव. येथे मागील ठसा नसल्याने जोड्यांची साखळी तयार होत नाही. म्हणून सर्व भिस्त एकाच बाजूवरील खुणांवर ठेवावी लागते. नाणे पाडण्याची रीत आधी ओळखावी आणि मगच ठशांची पद्धत लावावी, हा धडा एडेंगा देतो.

ठशांवरून टांकसाळीचा अंदाज

ठसे मोजल्याने आणखी एक प्रश्न हाताळता येतो: टांकसाळीने एकूण किती ठसे वापरले असतील? समजा, ६० नाण्यांत २० दर्शनी ठसे ओळखू आले आणि त्यांपैकी १२ ठसे केवळ एकेका नाण्यावर दिसले. एकेकटे आढळलेल्या ठशांची संख्या एकूण नाण्यांच्या संख्येने भागली, तर १२ भागिले ६० म्हणजे २० टक्के येते. याचा अर्थ असा, की त्या टांकसाळीच्या एकूण नाण्यांपैकी सुमारे ८० टक्के नाणी आपल्याला ठाऊक असलेल्या ठशांतून पडली असावीत आणि उरलेली २० टक्के अजून न सापडलेल्या ठशांतून. एकेकटे ठसे जितके अधिक, तितका आपला नमुना अपुरा. मात्र निधीतील 'चांगली' नाणी तेवढी निवडून ठेवली आणि पुसट नाणी फेकली, तर हे सारे गणित निरर्थक ठरते.

बनावट नाणी

जुन्या नाण्यांना बाजारभाव आला तशी बनावट नाणीही आली. त्यांत ओतीव नाणी मुख्य. अस्सल नाण्यावरून साचा घेऊन धातू ओतला की ठशाच्या सर्व खुणा जुळतात आणि जाणकारही फसतो. यावर एक साधी कसोटी आहे. एका ठशातून पडलेल्या दोन अस्सल नाण्यांत ठसा समान असतो, चकती नव्हे. प्रत्येक चकतीचा आकार, कडेची चीर, ठसा किती सरकून बसला, हे सर्व निरनिराळे असते. दोन नाण्यांत ठसाही तोच, सरकणेही तेच आणि कडेची चीरही त्याच जागी असेल, तर त्यांतील किमान एक नाणे ओतीव आहे असे समजावे. पृष्ठभागावरील हवेच्या बुडबुड्यांचे बारीक खड्डे, कडेवरून फिरणारी सांध्याची रेघ आणि गुळगुळीत, गोलसर झालेली अक्षरे याही ओतीव नाण्याच्या खुणा होत. तथापि मुळात ओतूनच घडवलेली प्राचीन नाणीही आपल्याकडे आहेत. तेव्हा त्या प्रकाराची मूळ रीत ठाऊक असल्याखेरीज निर्णय देऊ नये.

नाणी सापडल्यास काय करावे?

शेत नांगरताना, विहीर किंवा तळे खोदताना मडक्यात नाणी मिळाल्याचे प्रसंग विदर्भात घडत आले आहेत. नाणी मिळताच ती चिंच, लिंबू किंवा आम्लाने घासण्याचा मोह प्रथम होतो. पोटीनच्या नाण्याला त्याने कायमची इजा होते. अक्षरांच्या कडा व स्वरचिन्हे यांचाच पहिला बळी जातो. दुसरी चूक म्हणजे नाणी वाटून घेणे. निधी एकत्र असतो तोवरच त्यातील ठशांची साखळी दिसते. दहा घरांत दहा मुठी गेल्या, की प्रत्येक नाणे सुटे पडते आणि सुट्या नाण्यावरील तुटका लेख तुटकाच राहतो.

कायद्याची बाजूही माहीत असावी. १८७८ च्या भारतीय निखात निधी अधिनियमानुसार दहा रुपयांहून अधिक मोलाचा निधी सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवणे सापडणाऱ्यावर बंधनकारक आहे. न कळवल्यास हिस्सा जातोच, शिवाय शिक्षाही होऊ शकते. कळवल्यास मात्र कायदा त्याच्या बाजूने उभा राहतो. निधी बेवारस ठरला आणि वेगळा करार नसला, तर तीनचतुर्थांश वाटा सापडणाऱ्याचा व एकचतुर्थांश जागेच्या मालकाचा असतो. शासनाने तो ताब्यात घ्यावयाचा ठरवल्यास धातूच्या मूल्यावर एकपंचमांश अधिक रक्कम देण्याची तरतूद आहे. १९७२ च्या पुरावशेषविषयक कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी नाणी खासगी व्यक्तींना देशाबाहेर पाठवता येत नाहीत. धातूच्या मूल्यावर आधारलेला हा मोबदला पोटीनच्या बाबतीत अत्यल्प ठरतो, आणि म्हणूनच गावकरी निधी कळवण्यास फारसे उत्सुक नसतात, ही वस्तुस्थिती नाकारण्यात अर्थ नाही. नाण्याचे ऐतिहासिक मोल मोबदल्यात धरले जाईल, तेव्हाच ही अडचण दूर होईल.

अभ्यास करू इच्छिणाऱ्यांसाठी साधने फार दूर नाहीत. नागपूरचे मध्यवर्ती संग्रहालय, म्हणजे लोकांच्या तोंडचा अजब बंगला, १८६३ पासून उभे आहे. नाशिकजवळ अंजनेरी येथील भारतीय नाणकशास्त्र संशोधन संस्था १९८० पासून याच विषयाला वाहिलेली आहे. आरंभ करण्यास महागडी उपकरणे लागत नाहीत: एक भिंग, एक काटा, एकाच दिवसाच्या उजेडात घेतलेली छायाचित्रे आणि नोंदवही पुरे. नोंदवहीत नाणे कोणत्या गावी, कोणत्या जागी आणि कशाबरोबर मिळाले, ही ओळ सर्वांत आधी लिहावी. ठसा पुढेही ओळखता येतो. नाणे कोठून आले हे एकदा विसरले गेले, की ते कोणत्याही भिंगातून दिसत नाही.